बेल इन की स्क्वेअर अँड कंपास: खेड्यातला एक जुना पब निवडताना

इंग्लंडच्या मुक्कामात खेड्यातल्या जुन्या पबसाठी थोडाच वेळ काढता येणार असेल, तर बर्कशरमधल्या ऑल्डवर्थचा ‘बेल इन’ आणि डॉर्सेटच्या किनाऱ्यालगतच्या वर्थ मॅट्रॅव्हर्सचा ‘स्क्वेअर अँड कंपास’ या दोघांतून निवड करावी, असे मी सांगेन. दोन्हीकडे नेहमीचा लांबलचक बार नाही. छोट्याशा खिडकीतून पेला हाती येतो.

आणि पेल्यात असते रिअल एल, म्हणजे पिंपात भरल्यावरही जिवंत यीस्टमुळे आत आंबत राहणारी बिअर. तिच्यात बाहेरून कार्बन डायऑक्साइड सोडत नाहीत, ती साधारण 11 ते 13 अंश सेल्सिअसला देतात आणि पिंप एकदा उघडले की तीनेक दिवसांत संपवावे लागते. थंडगार, फसफसत्या लागर बिअरची सवय असलेल्यांना पहिला घोट कोमट वाटतो. पण माल्टचा गोडवा आणि हॉप्सचा कडवटपणा याच तापमानाला नीट जाणवतो. अशी बिअर जिथे भराभर खपते तिथेच ती प्यावी, आणि या निकषावर दोन्ही जागा भरवशाच्या आहेत.

‘बेल इन’ अडीचशेहून अधिक वर्षे एकाच घराण्याकडे आहे. अस्सल एल टिकावी म्हणून 1971 मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅमरा’ या संघटनेने त्याला 1990 आणि 2019 मध्ये देशातला सर्वोत्तम पब ठरवले. आत एकाच काट्याचे जुने घड्याळ आहे, मोबाइलला मज्जाव आहे आणि खायला गरम पाव व त्यात भरलेले चीज किंवा हॅम एवढेच मिळते. पण त्यामुळेच अनोळखी माणसेही सहज बोलू लागतात. लंडनच्या पॅडिंग्टनहून गोरिंग अँड स्ट्रीटली स्थानकापर्यंत रेल्वेने यावे आणि पुढे पाचेक किलोमीटर चढण चालावी. गावच्या चर्चमधले चौदाव्या शतकातले नऊ भव्य दगडी पुतळेही बघण्यासारखे आहेत.

‘स्क्वेअर अँड कंपास’ 1907 पासून एका कुटुंबाकडे आहे. बिअर थेट पिंपातून काढतात, सायडर म्हणजे सफरचंदाची दारू घरची असते, खायला पेस्टी म्हणजे सारण भरलेली भाजलेली करंजी मिळते आणि एका खोलीत जीवाश्मांचे संग्रहालय आहे. बाहेरच्या दगडी बाकांवरून समुद्र दिसतो. देवी रोगावरच्या लसीकरणाचा प्रयोग 1774 मध्येच, या लशीचा जनक मानल्या जाणाऱ्या जेन्नरच्या आधी, आपल्या घरच्यांवर करणारा शेतकरी बेंजामिन जेस्टी याच गावच्या चर्चच्या आवारात विसावला आहे. मात्र लंडनहून एका दिवसात जाऊन येणे दगदगीचे होते, आणि उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी खिडकीपुढे रांग लागते.

म्हणून हाताशी एकच दिवस असेल किंवा पावसाची चिन्हे असतील, तर ऑल्डवर्थ निवडावे. जवळच्या स्वॉनेज गावी रात्रीचा मुक्काम करून किनाऱ्यावरच्या पायवाटेने भटकायचे असेल, तर वर्थ मॅट्रॅव्हर्सला तोड नाही. केवळ पबचाच विचार केला, तर माझे मत ‘बेल इन’ला. तिथे सोमवारी जाणे टाळावे, आणि इतर दिवशीही उघडण्याच्या वेळा पाहूनच निघावे.