तंबोऱ्यात कोमल गंधार मिसळणारा स्पीकर : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

हा ब्लूटूथ स्पीकर घेऊन चौदा महिने झाले. त्यांपैकी पहिले दहा महिने मी त्याच्यावर एका विशिष्ट कारणासाठी चिडलेला होतो, अकराव्या महिन्यात तो बंद पडल्यामुळे चिडलो आणि त्यानंतरचे महिने काहीसे शरमल्यासारखे गेले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जो दोष मी सांगणार आहे तो या वर्गातील बऱ्याच स्पीकरांत आढळतो. दसऱ्याच्या सवलतीत 4,199 रुपयांना मिळालेला, तांब्याएवढ्या आकाराचा, पाण्यापासून संरक्षणाचा आयपीएक्स 7 हा दर्जा मिरवणारा आणि जाहिरातीनुसार बारा तास चालणारा, असा हा स्पीकर आहे. बाकीचा तपशील खोक्यावर छापलेला असतोच.

आम्ही मिरजेत राहतो. ज्या गावच्या तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावात राहून मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर रियाज करणे शोभत नाही, हे मला मान्य आहे. वडिलांचा तंबोरा घरी आहे. परंतु पहाटे उठून चार तारा जुळवायच्या, तारेचा झंकार जुळवण्यासाठी जवारीचा दोरा सरकवत बसायचे आणि तेवढ्यात कामावर जाण्याची वेळ व्हायची, हा अनुभव अनेकदा घेतल्यावर मी ॲपला शरण गेलो. मोबाइलच्या स्वतःच्या आवाजात तंबोरा डासासारखा गुणगुणतो, म्हणून हा स्पीकर घेतला. म्हणजे माझ्यासाठी तो गाणी वाजवण्याचे यंत्र नसून पहाटे सव्वापाच ते सहा या वेळेत षड्ज, म्हणजे सा, धरून बसणारा साथीदार आहे, आणि पुढचा मजकूर वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता मुख्य तक्रार. स्पीकर सुरू केल्याबरोबर तो एक स्वागताची धून वाजवतो, आणि मोबाइलशी जोडला गेल्यावर दुसरी. आवाज कितीही कमी करून ठेवला तरी या धुनेचा आवाज कमी होत नाही. ती ठरलेल्या जोरानेच वाजते. पहाटे सव्वापाचला, शेजारच्या खोलीत एक्याऐंशी वर्षांची आई झोपलेली असताना, ही धून लग्नाच्या बँडसारखी वाटते. मी उशीखाली स्पीकर दाबून सुरू करून पाहिला, रजईत गुंडाळून पाहिला, एकदा तर गॅलरीत नेऊन सुरू केला आणि मग आत आणला. याला स्पीकर वापरणे म्हणावे की चोरी करणे, असा प्रश्न सौभाग्यवतींनी विचारला.

एवढ्यावर भागले असते तर मी गप्प बसलो असतो. पण ती धून ज्या स्वरावर संपते तो स्वर मला छळू लागला. सूर मोजण्याच्या ॲपवर तपासला तेव्हा तो 659 हर्ट्झच्या आसपास निघाला. माझी पट्टी, म्हणजे पेटीवरची ज्या पट्टीला मी षड्ज मानतो ती, काळी एक. म्हणजे त्या सप्तकातला माझा षड्ज 554 हर्ट्झला येतो आणि कंपनीची धून बरोबर माझ्या कोमल गंधारावर, म्हणजे शुद्ध ‘ग’च्या किंचित खालच्या ‘ग’वर, येऊन थांबते. पहाटे मी भैरव गातो, ज्यात गंधार शुद्ध आहे. डोळे मिटून षड्ज लावण्याआधीच कानात कोमल गंधार घुमत असेल तर भैरवाचे काय होते, ते गाणाऱ्यांना सांगायला नको. कंपनीला तोडी, म्हणजे कोमल गंधाराचा राग, अभिप्रेत असावी, असे मी काही दिवस स्वतःची समजूत घालण्यासाठी म्हणत असे. काळी पाचमध्ये गाणाऱ्या व्यक्तीला हाच स्वर तीव्र मध्यम म्हणून ऐकू येईल, तेव्हा त्यांचे दुःख माझ्याहून मोठे आहे.

त्यातच पंधरा मिनिटे काही वाजले नाही तर स्पीकर आपणहून बंद होतो. बॅटरी वाचवण्याच्या दृष्टीने ही सोय योग्यच आहे. पण रियाजाच्या मध्ये चहाला उठले, दाराशी दूधवाल्याशी हिशोबाचे दोन शब्द बोलले, की परत येईपर्यंत तो झोपलेला, आणि पुन्हा सुरू केला की पुन्हा तोच गंधार. शेवटी मी चहाच्या वेळीही तंबोरा चालूच ठेवू लागलो. बॅटरी संपत आली की आणखी एक इशारा वाजतो, दर काही मिनिटांनी, चालू तंबोऱ्यावर स्वार होऊन, आणि तोही त्याच स्वराचा. हा स्पीकर तयार करणाऱ्या मंडळींपैकी एकालाही, लोक स्पीकर शांततेसाठीही घेतात, हे सुचले नसावे.

आवाजाबद्दल मात्र मला अन्याय करायचा नाही. काळी एकच्या तंबोऱ्यातील खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची, तार साधारण 69 हर्ट्झची असते, आणि एवढ्याशा डब्यातला लहान स्पीकर तो मूळ स्वर पुरेशा जोराने वाजवू शकत नाही. तरीही खर्ज ऐकू आल्याचा भास होतो, कारण त्या तारेचे वरचे स्वरांश, म्हणजे 138, 207, 276 हर्ट्झचे, स्पष्ट येतात आणि खालचा स्वर कान स्वतः भरून काढतो. सतारमेकर गल्लीतील एक ओळखीचे वृद्ध कारागीर घरी आले असता मी मोठ्या हौसेने त्यांना ऐकवले. त्यांनी थोडा वेळ डोके हलवले आणि म्हणाले, “जवारी आहे, भोपळा नाही.” म्हणजे झंकार आहे, पण भोपळ्यातून येणारा घुमारा नाही. सौभाग्यवतींची पट्टी काळी पाच असल्यामुळे त्यांचा खर्ज 116 हर्ट्झला येतो, आणि त्यांच्या तंबोऱ्यात मात्र हा स्पीकर खरोखरच भरलेला वाटतो. पुरुषांनी, विशेषतः पांढरी एक किंवा त्याखाली गाणाऱ्यांनी, दुकानात गाणे न लावता तंबोरा लावून ऐकावे आणि मगच पैसे द्यावेत.

बिनतारी जोडणीमुळे आवाज काही अंशी उशिरा येतो, हे अनेकांनी भीती घालावी तसे सांगितले होते. तंबोऱ्याला आणि तबल्याच्या ठेक्याला त्याने काही फरक पडत नाही, कारण आपण जे ऐकतो त्याच्याबरोबरच गातो. मोबाइलवर बोटांनी पेटी वाजवून पाहिली तेव्हा मात्र पट्टी दाबल्यावर सूर मागाहून आला आणि तो नाद मी सोडला. सकाळी आईचे दूध मायक्रोवेव्हमध्ये तापत असताना तंबोरा अडखळतो. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह दोन्ही 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास चालत असल्याचा हा परिणाम आहे. मोबाइल स्पीकरच्या शेजारी ठेवला की अडखळणे थांबते. बारा तासांचा दावा निम्म्या आवाजावरचा आहे, असे खोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले आहे. माझ्याकडे नऊ तास मिळतात आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पहिला परिच्छेद सोडता येथपर्यंतचा मजकूर मी दहाव्या महिन्यात लिहून ठेवला होता आणि पाचपैकी दोन तारे देण्याचे ठरवले होते. त्यानंतर ऐन पावसाळ्यात, जुलैमध्ये, एके दिवशी चार्जिंगचा दिवा लागेनासा झाला. वायर बदलली, चार्जर बदलला, शेजाऱ्यांचा चार्जर आणला. उपयोग झाला नाही. बॅटरीने आतून धाप टाकल्यासारखे दोन दिवस काढले आणि स्पीकर गप्प झाला. वॉरंटीला दोन महिने शिल्लक होते.

मिरजेत कंपनीचे सेवा केंद्र नाही, म्हणून सांगलीला गेलो. काउंटरवरील मुलाने भिंगातून चार्जिंगच्या खाचेत पाहिले आणि आत हिरवट थर असल्याने पाणी गेले आहे, सबब वॉरंटी लागू नाही, दुरुस्तीचे 1,850 रुपये होतील, असे सांगितले. माझा आवाज त्या क्षणी तार सप्तकात गेला. ज्या वस्तूच्या जाहिरातीत लोक ती घेऊन पोहण्याच्या तलावात उतरतात, ज्या वस्तूवर आयपीएक्स 7 असे छापले आहे, म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवली तरी बिघडणार नाही असा ज्या दर्जाचा अर्थ आहे, तिच्यात पाणी गेले म्हणून वॉरंटी नाकारणे हा कोणता न्याय? त्यावर त्या मुलाने पुस्तिकेतील एक वाक्य दाखवले : खाच ओली असताना चार्जिंगला लावू नये. ओल्या खाचेत वीज आली की धातूचे संपर्क झपाट्याने खराब होतात, हे शास्त्र खरेच आहे. घरी येऊन चौकशी केल्यावर आईने कबूल केले, की ती रोज देव्हाऱ्याबरोबर स्पीकरही ओल्या फडक्याने पुसत होती. मी ही गोष्ट त्या मुलाला सांगितली नाही. येथे सांगत आहे.

तरीही हट्ट सोडला नाही, कारण भर उन्हाळ्यातही दमट राहणाऱ्या स्वयंपाकघरांच्या देशात, झाकण नसलेल्या खाचेची जबाबदारी एकट्या ग्राहकावर टाकता येत नाही, असे माझे मत आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बिल आणि खोक्यावरील दर्जाचे छायाचित्र देऊन तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी कंपनीचा फोन आला आणि तीन आठवड्यांनी बदली स्पीकर मिळाला. एकही रुपया लागला नाही. बिल जपून ठेवण्याच्या माझ्या सवयीला घरात आता कोणी हसत नाही.

बदली स्पीकर घ्यायला गेलो तेव्हा आतल्या टेबलावर काम करणाऱ्या तंत्रज्ञाने तो तपासण्यासाठी सुरू केला आणि तो धून न वाजवता सुरू झाला. मला वाटले, नव्या मालात सुधारणा झाली. तो म्हणाला, “नाही काका, आम्ही दिवसभर वैतागतो म्हणून बंद करून ठेवतो. आवाज कमी करायचं आणि प्ले, ही दोन बटणं पाच सेकंद दाबून धरायची.” दहा महिने मी रजईत स्पीकर गुंडाळत होतो. घरी येऊन पुस्तिका काढली. चौदा भाषांच्या त्या घडीत हिंदी होती, मराठी नव्हती, आणि ही युक्ती हिंदीतही नव्हती. इंग्रजी मजकुरात एका चित्राखाली होती.

त्यामुळे दोन तारे मी चार केले. पाचवा राखून ठेवला आहे, कारण बॅटरी संपत आल्याचा इशारा या युक्तीने बंद होत नाही. त्यावर उपाय म्हणून दर रविवारी आणि बुधवारी रात्री, खाच कोरड्या कापडाने टिपून, स्पीकर चार्जिंगला लावतो. आईला देव्हाऱ्यासाठी वेगळे फडके दिले आहे. गेल्या आठवड्यात परगावी गेल्यामुळे हा नेम चुकला आणि बॅटरी पूर्ण उतरली. परत आल्यावर पहाटे बटण दाबले तर बेसावध असतानाच धून वाजली. बॅटरी पूर्ण उतरली की ती सोय पुसली जाते, असे दिसते. आई शेजारच्या खोलीतून म्हणाली, “आलास का रे?” मी दोन बटणे पाच सेकंद दाबून धरली आणि त्या दिवशी तोडीच गायलो.