२९ इंची हार्डटेल १४ महिने, फुल-सस ९ महिने: वेताळ टेकडीवरचा अनुभव

आधी माझ्याविषयी, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. उंची पाच फूट सहा इंच, वजन ७८ किलो, वय ४६, कंबर जुनी दुखरी. राहायला पुण्यात, कोथरूडला. आठवड्यातून दोनदा ऑफिसच्या आधी वेताळ टेकडी, आणि रविवारी घरून सुटका झाली तर बोपदेव घाट चढून कानिफनाथाच्या देवळाच्या बाजूच्या कच्च्या वाटा, तीन-चार तास. शर्यती करत नाही. उड्या मारत नाही; सायकलनं स्वतःहून मारली तर तेवढ्यापुरते डोळे मिटतो.

हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक, घेतली दोन वर्षांपूर्वी दिवाळीत. ॲल्युमिनियम फ्रेम, पुढे १२० मिलिमीटर दबणारा, हवेवर चालणारा एअर फोर्क, वन बाय ट्वेल्व्ह (पुढे एक, मागे बारा) गिअर, पेडलसकट साडेतेरा किलो. चौदा महिने तीच चालवली. मग एका ओळखीच्याकडून फुल-सस, म्हणजे मागेही सस्पेन्शन असलेली, आली: पुढेमागे १२० मिलिमीटर, ड्रॉपर पोस्ट (बटण दाबून सीट खाली-वर करणारी दांडी), पंधरा किलोला जेमतेम कमी. सेकंडहँड असूनही हार्डटेलच्या जवळपास दुप्पट पैसे गेले. हार्डटेल विकायची ठरवून तिचे फोटोही काढले होते, पण विकली नाही. का ते पुढे येईलच. दोन्हीला टायर एकाच मापाचे, २.४ इंच रुंदीचे, ट्यूबलेस करून (आत ट्यूब नाही, भोकं बुजवणारं पातळ सीलंट). त्यामुळे खाली जे फरक सांगतोय ते टायरचे नाहीत.

चाकाचं एकदा मिटवून टाकू. २९ इंच हे रिमचं माप नाही. टायर जिथे रिमवर बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर, म्हणजे रोड बाइकच्या ७०० सी चाकाइतकाच. त्यावर जाड टायर चढला की बाहेरून २९ इंचांच्या आसपास भरतो. जुन्या २६ इंचीचं हेच माप ५५९. आता वाटेत आठ सेंटीमीटर उंचीचा दगड आला, तर २६ इंची चाक त्याला साधारण ४० अंशांत भिडतं आणि २९ इंची ३८ अंशांत. कागदावर दोन अंश म्हणजे काहीच नाही. पण टेकडीवर अर्ध्या तासात असे शेकडो दगड येतात, आणि तो फरक मनगटांना कळतो. शिवाय दोन दगडांमधल्या खळग्यात मोठं चाक कमी उतरतं. त्यामुळे '२९ इंची हार्डटेल म्हणजे हाडं खिळखिळी' हे मला पटत नाही. थोडं सस्पेन्शन त्या चाकातच आहे, आणि टायरमध्ये बरंच आहे. पुढे २१, मागे २४ पीएसआय ठेवून बघा. पहिले दोन महिने मी ३५ ठेवून फिरत होतो आणि सायकलला शिव्या देत होतो.

दुकानात फुल-ससवर बसून दोनदा दाबून बघितली की ती कुणालाही आवडणारच. गादीवर बसल्यासारखं होतं. सोसायटीच्या पार्किंगमधल्या स्पीडब्रेकरवरून नेली तरी आवडते. या चाचणीवर निर्णय घेऊ नका. मला फुल-सस कळायला दीड महिना लागला, आणि त्यातला महिना तर फुकटच गेला. सायकल हातात आल्यावर मी ती सर्व्हिसिंगला टाकली. तिथल्या पोरानं मागच्या शॉकमध्ये २४० पीएसआय हवा भरली आणि 'तुमचं वजन आहे ना सर, एवढी लागते' म्हणाला. मी मान डोलावली. महिनाभर मागची बाजू हार्डटेलसारखीच उडत होती, फक्त दीड किलो जास्त वजनाची. पैसे पाण्यात गेले म्हणून मी मनातल्या मनात रडूनही घेतलं.

मग एका रविवारी शॉकपंप घेऊन बाल्कनीत बसलो. शॉकच्या दांड्यावर एक बारीक रबरी रिंग असते. ती वर सीलला टेकवायची, हेल्मेट-पाठपिशवीसकट सायकलवर अलगद बसायचं, तसंच अलगद उतरायचं आणि रिंग किती सरकली ते पट्टीनं मोजायचं. माझ्या शॉकचा स्ट्रोक ४५ मिलिमीटर, आणि रिंग सरकली होती पाच. सॅग, म्हणजे नुसत्या वजनानं शॉक किती दबतो ते, जेमतेम अकरा टक्के. असायला हवा पंचवीस ते तीस. हवा सोडत-मोजत १८५ वर आलो तेव्हा रिंग तेरावर थांबली. भिंतीला धरून बसत होतो म्हणून आकडा दर वेळी वेगळा येत होता. शेवटी मुलाला हँडल धरायला लावलं. दुसऱ्या दिवशी टेकडीवर वेगळीच सायकल होती. फुल-सस घेणार असाल तर शॉकपंप त्याच दिवशी घ्या आणि हे स्वतः करा.

आता मुद्द्याचं. मी फुल-सस घेतली ती उतारासाठी. उपयोगाला आली चढावर.

वेताळ टेकडीवरच्या खाणीच्या अलीकडे एक चढ आहे, साठ-सत्तर मीटरचा. खाली घट्ट मुरूम, वर सुटी खडी, मध्ये दोन ठिकाणी कातळाच्या पायऱ्या. हार्डटेलवर इथे काय व्हायचं सांगतो. मागचं चाक दगडावर चढताना उचललं जायचं, क्षणभर हवेत, तेवढ्यात पेडलवर जोर असल्यामुळे ते मोकळं फिरायचं, खाली येऊन खडीवर घसरायचं, आणि पाय खाली. चौदा महिन्यांत न थांबता हा चढ मी चार-पाचदाच काढला असेल. तोही सीटवरून निम्मा उठून, वजन पुढेमागे करत, जीव काढून. फुल-ससवर बसून राहतो. मागचं चाक दगडावरून वर जातं आणि लगेच खाली येऊन जमिनीला चिकटतं. ताकद तीच, गिअर तोच, फक्त चाक जमीन सोडत नाही. आता दहातून सातदा तरी निघतो. डांबरी रस्त्यावर मात्र उलटं. एआरएआय या संस्थेच्या बाजूच्या रस्त्यानं टेकडीवर येताना शॉक उघडा ठेवला तर मागची बाजू पेडलागणिक उठाबशा काढते. लिव्हर फिरवून लॉक करायचा, आणि वर पोचल्यावर उघडायचा. मी निम्म्या वेळा विसरतो.

उतारावर माझा वेग वाढला म्हणावं, तर फार नाही. तीच १४ किलोमीटरची फेरी हार्डटेलवर चांगल्या दिवशी ५८ मिनिटांत व्हायची, फुल-ससवर ५६. दोन मिनिटांसाठी कुणी एवढे पैसे घालू नयेत. फरक पडतो तो तिसऱ्या तासाला. कानिफनाथाच्या बाजूला बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि नांगरटीच्या कडेची ढेकळं यांवरून हार्डटेलवर तीन तास काढले, की सोमवारी ऑफिसात खुर्चीतून उठताना मी टेबल धरायचो. आता धरत नाही. कंबर दुखत असेल तर बाकीचं काही वाचू नका.

एक बारीक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. हार्डटेलवर ब्रेक दाबला की पुढचा फोर्क बसतो आणि मागे बसायला काहीच नसतं. सगळी सायकल नाकावर झुकते, हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा कोन) आणखी उभा होतो, आणि तोंडावर जाण्याची भीती वाढते. फुल-सस आपल्या वजनानं पुढून-मागून दोन्हीकडे बसलेली असते, म्हणून तीव्र उतारावर ती शांत वाटते. याउलट बुटक्यांसाठी एक इशारा: पूर्ण मागे सरकून उतरताना २९ इंची मागचं चाक, त्यात शॉक दबला की ते आणखी वर येतं, आणि टायर थेट पार्श्वभागाला घासतो. एक चड्डी गेली माझी. पाच फूट चारच्या आतल्यांनी छोट्या फ्रेमवर बसून नीट बघूनच घ्यावं.

हार्डटेल किंवा फुल-सस, हा वाद वरच्या पातळीवर तरी मिटला असेल असं वाटायचं, म्हणून २०१२ च्या लंडन ऑलिंपिकची क्रॉस-कंट्री शर्यत काढून बघितली. सुवर्ण यारोस्लाव कुल्हावीला, २९ इंची फुल-ससवर. रौप्य निनो शुर्टरला, साडेसत्तावीस इंची हार्डटेलवर, एका सेकंदानं मागे. कांस्य मार्को फोंतानाला, २९ इंची हार्डटेलवर. त्याची तर शेवटच्या फेरीत सीटच निघून गेली होती. घ्या आता.

पावसाळा. हे खरं प्रकरण.

हार्डटेलचा पावसाळा मी विसरूनसुद्धा गेलो होतो, इतका साधा होता. चिखल लागला, बादलीभर पाणी, ब्रश, चेनला तेल, संपलं. फुल-ससला चिखल बसायला जागाच जागा. काळी माती ओली झाली की ती टायरवरून निघून मागच्या स्विंगआर्म (चाक धरणारा हलता भाग) आणि सीटट्यूब (सीटखालची नळी) यांच्या फटीत थापली जाते, लिंकच्या (शॉकला जोडणाऱ्या दांड्यांच्या) खोबणीत जाऊन बसते, आणि वाळली की विटेसारखी होते. ती खिळ्यानं उकरली तर रंग जातो, प्रेशरनं धुतली तर पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. मी प्रेशरनं धुतली. गल्लीतल्या वॉशिंग सेंटरवर, स्कूटीच्या शेजारी उभी करून, दोनदा. ऑगस्टात मागून कुईकुई सुरू झाली.

या आवाजानं माझे दोन रविवार खाल्ले. आधी वाटलं सीटपोस्ट. काढून ग्रीस लावलं. मग पेडल. मग बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांमधला आस), त्याचं हत्यार उसनं आणून. आवाज तिथेच. शेवटी शॉकची हवा पूर्ण सोडली, सायकल उलटी केली आणि मागचं चाक हातानं वर-खाली केलं, तेव्हा सापडला: मुख्य पिव्हटचं, म्हणजे मागचा भाग ज्यावर हलतो त्या सांध्याचं, डावीकडचं बेअरिंग. बोटानं फिरवलं तर फिरायच्या ऐवजी खरखर करत अडकत होतं, आतून तांबडं पाणी आलं. माझ्या फ्रेममध्ये अशी आठ आहेत. हार्डटेलमध्ये यातलं एकही नाही.

सर्व्हिसचा हिशेबही धरा. फोर्कच्या खालच्या पायांचं तेल साधारण पन्नास तासांनी बदलायचं असतं, शॉकच्या एअर कॅनचंही (हवेच्या डब्याचंही) तसंच. आठवड्याला पाच-सहा तास चालवलं तर ते दोन-अडीच महिन्यांनी येतं. हार्डटेलला एक काम, फुल-ससला दोन. पुण्यात हे नीट करणारे हात आहेत, पण थोडे आहेत, आणि ऑक्टोबरात सगळेच त्यांच्याकडे जातात. घरी शिकलात तर उत्तम. गावाकडे राहणाऱ्याला मी फुल-सस घ्यायला सांगणार नाही, निदान पहिली सायकल म्हणून तरी.

सुट्या भागांचं तर बोलायलाच नको. मे महिन्यात एका दगडाला लागून डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला टांगणारी लहान पट्टी) वाकला आणि सरळ करताना तुटला. हार्डटेलचा हँगर मी त्याच दिवशी आणला असता. या फ्रेमचा वेगळा. विक्रेत्यानं चार दिवस सांगितले, लागले बावीस, त्यातही पहिला आला तो चुकीचा. ते बावीस दिवस मी हार्डटेल चालवली, आणि तेव्हा कळलं की बरं झालं फोटो नुसतेच पडून राहिले.

त्या बावीस दिवसांत आणखी एक कळलं. 'हार्डटेलवर शिका, मग फुल-सस घ्या' असं जुने लोक सांगतात. निम्मं खरं आहे. हार्डटेलवर वाट वाचायची सवय लागते, कारण चुकलं की शिक्षा तिथल्या तिथे. पण ती सवय टिकत नाही. पाच महिने फुल-ससवर दगड दिसेल तो तुडवत आलो होतो. हार्डटेलवर परत बसल्यावर तिसऱ्याच दिवशी त्याच मस्तीत एका धारेवर आपटलो आणि मागची रिम चेपली. ट्यूबलेसची सगळी हवा सूंऽऽ करत गेली, टायरमधलं पांढरं सीलंट माझ्या पिंडरीवर. सकाळी फिरायला येणारे एक आजोबा थांबून म्हणाले, 'दूध सांडलं की काय?'

सीलंटवरून आठवलं: दोन्हीतली कुठलीही घ्या, पण ट्यूब ठेवू नका. बाभूळ, बोर आणि सराटे यांच्यापुढे ट्यूब टिकत नाही. एका फेरीत मागच्या टायरमधून सात काटे काढलेत मी, एकही पंक्चर न होता. उन्हाळ्यात मात्र सीलंट दोन महिन्यांत वाळून रबरी पापुद्रा होतो, तो बघत राहावं लागतं. आणि उन्हाळ्याचीच दुसरी गोष्ट, माझ्या फुल-ससच्या फ्रेममध्ये पाण्याची एकच बाटली बसते. हार्डटेलमध्ये दोन. एप्रिलात बोपदेववर हा फरक शॉकपेक्षा मोठा वाटतो.

भाच्यानं परवा विचारलं, मामा, माझं बजेट लाखाच्या आत आहे, कुठली घेऊ? लाखाच्या आतली नवी फुल-सस म्हणजे जड फ्रेम, हलक्या प्रतीचा शॉक आणि ब्रेक त्याहून हलके. त्याच पैशात हार्डटेलला चांगला एअर फोर्क, हायड्रॉलिक ब्रेक येतात, वर ड्रॉपरलाही पैसे उरतात. तो २४ वर्षांचा आहे, कंबर शाबूत आहे, फेऱ्या दीड तासाच्या. हार्डटेल घे म्हटलं. तो म्हणाला, मग तुमचीच द्या की. ती देणार नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मला तीच लागते. फुल-सस यापुढे पावसाळ्यात घरातच, चादर घालून.

गेल्या आठवड्यात आठही बेअरिंग बदलून झाली. कुईकुई पूर्ण गेली. आता पुढून कुठूनतरी टकटक येते आहे.