कॅनडाचा नकार, ब्रिटनचा अर्ज आणि पुण्यातील एक व्हिसा सल्लागार कार्यालय

२०२३ मध्ये माझा कॅनडाच्या वर्क परमिटचा अर्ज नामंजूर झाला. परमिटची मुदत संपल्यावर मी कॅनडा सोडून जाईन याची अधिकाऱ्याला खात्री वाटत नाही, एवढेच कारण पत्रात दिले होते. पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीकडे लंडनला जाण्यासाठी ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा काढायचा होता. तेव्हा प्रथम ज्या एजंटकडे गेलो, त्याने हा नकार अर्जात लिहूच नका, दुसऱ्या देशाला तो कळत नाही, असे बिनदिक्कत सांगितले. मन धजावले नाही, म्हणून ओळखीतून कळलेल्या एका लहानशा सल्लागार कार्यालयात गेलो; हा अभिप्राय त्या कार्यालयाविषयी आहे.

तेथील मॅडमनी फी सांगण्याआधी ब्रिटनचा अर्ज समोर उघडून, ब्रिटनने किंवा अन्य कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का, हा प्रश्न मला स्वतः वाचायला लावला. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश अर्जदारांच्या बोटांचे ठसे आपसांत पडताळू शकतात, आणि केवळ जुन्या नकारामुळे नवा अर्ज आपोआप फेटाळला जात नसला, तरी तो लपवल्याचे उघडकीस आल्यास ब्रिटन दहा वर्षांपर्यंत आणि कॅनडा पाच वर्षे दार बंद करू शकतो, हे त्यांनी शांतपणे समजावले. अमेरिकेच्या डीएस-१६० अर्जातला प्रश्न मात्र अमेरिकेनेच नाकारलेल्या व्हिसापुरता असतो. हा बारकावा मला त्यांच्याकडूनच कळला.

खरे मोलाचे काम त्यापुढचे होते. कॅनडात स्थायिक असलेल्या माझ्या मावसभावाकडून, माझ्या लेखी संमतीसह, पाच डॉलर भरून माझ्या फाइलमधील अधिकाऱ्याच्या नोंदी मागवून घेतल्या. भारतातील घर, नोकरी आणि आईवडिलांची जबाबदारी यांचे पुरावे मी अपुरे दिले होते, असे त्यांत स्पष्ट दिसले. त्यानुसार ब्रिटनच्या अर्जाला दीड पानी खुलासा, रजा मंजुरीचे पत्र आणि सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट जोडले. व्हिसा मिळाला.

एक तक्रार आहे. नोंदी यायला सात आठवडे लागले आणि त्या काळात फोनला क्वचितच उत्तर मिळाले. प्रवासाची तारीख जवळ असलेल्या माणसाला ही प्रतीक्षा फार जड जाते, म्हणून ती आधीच सांगायला हवी होती. बारा हजारांची फी मला रास्त वाटली. काम झाल्यावर संपूर्ण फाइलची प्रत त्यांनी न मागता दिली. कॅनडासाठी पुन्हा अर्ज करताना मी तीच वापरणार आहे.