किटकॅटवर चालणारं व्हीएलसी : अण्णांच्या जुन्या मोटो ईवरचा अनुभव

आमच्या अण्णांकडे २०१४ साली घेतलेला मोटो ई आहे, अगदी पहिला. ६,९९९ रुपयांना आला होता. १ जीबी रॅम, ४ जीबी जागा, त्यातली निम्मी सिस्टिमनंच खाल्लेली. अँड्रॉइड ४.४, म्हणजे किटकॅट. पुढे लॉलीपॉपचं अपडेट आलं, पण जागेअभावी ते कधी घेतलंच नाही. फोन तिथंच थांबला.

अण्णांकडे नवा फोनही आहे. कॉल, व्हॉट्सॲप, नातवाशी व्हिडिओवर बोलणं सगळं त्यावर चालतं. जुना फोन फक्त ऐकण्यासाठी. मोटो ईचा स्पीकर काचेखाली समोरच्या बाजूला आहे. फोन खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून ठेवला की आवाज सरळ माणसाकडे येतो. नव्या फोनचा स्पीकर खालच्या कडेला, हातात धरला की बोटाखाली दबतो. मी दोनदा ब्लूटूथ स्पीकर आणून दिला, दोन्ही कपाटात आहेत. "त्यात काय बिघडलंय गं? आवाज येतोय की चांगला," असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात खोटं काही नाही.

फोनमध्ये ३२ जीबीचं कार्ड आहे. त्यात काय काय आहे हे सांगायला हवं, कारण या परीक्षणाचा मुद्दा तिथंच आहे. एसटीत ड्रायव्हर असताना साताऱ्याच्या स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानातून त्यांनी वेळोवेळी कार्ड 'भरून' घेतलं होतं. त्यातली बरीच भजनं डब्ल्यूएमए या जुन्या फॉरमॅटमध्ये आहेत. गावच्या हरिनाम सप्ताहातली कीर्तनं त्यांनी स्वतः एका जुन्या कीपॅड फोनवर रेकॉर्ड केलेली, ती एएमआर आणि थ्रीजीपीमध्ये. माझ्या मावसभावाच्या लग्नाची व्हीसीडी कुणीतरी एमपीजी करून दिलेली, तीही आहे. आणि आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, सव्वाचार मिनिटं. आजी जाऊन आता नऊ वर्षं झाली.

फोनबरोबर आलेलं गाण्याचं ॲप कधीच बंद झालं. दुसरं घ्यायला गेलं की 'हे ॲप तुमच्या उपकरणाशी सुसंगत नाही'. एक चाललं, पण दर दोन गाण्यांनी जाहिरात, आणि डब्ल्यूएमए त्याला दिसेचना. दिवाळीत मी रहिमतपूरला गेले तेव्हा अण्णांनी फोन हातात दिला आणि एवढंच म्हणाले, "आईच्या ओव्या लागत नाहीत."

मी अँड्रॉइड ॲप बनवण्याचंच काम करते. त्यामुळे ते वाक्य मला जरा जास्त लागलं.

व्हीएलसी, म्हणजे गाणी-व्हिडिओ वाजवणारं व्हिडिओलॅन या संस्थेचं मोफत ॲप, घालायचं ठरवलं. मोबाईलवरची ३.५ मालिका अँड्रॉइड ४.२ पासून पुढे चालते. ४.२ आलं २०१२ मध्ये. इतक्या खालपर्यंत हात पोचवणारी, अजून सांभाळली जाणारी ॲप्स मला बोटावर मोजता येतील. पुष्कळ ॲप्स ज्यावर टेकतात त्या गूगल प्ले सर्व्हिसेसचा किटकॅटसाठीचा आधार २०२३ मध्येच थांबला, त्यामुळे मी प्ले स्टोअरच्या वाटेला गेले नाही. व्हिडिओलॅनच्या साइटवर जुन्या आवृत्त्यांच्या एपीके (ॲप बसवायच्या) फाइली प्रोसेसरनुसार वेगवेगळ्या ठेवलेल्या आहेत. मोटो ईसाठी ३२-बिट एआरएमची फाइल लागते, व्ही७ए लिहिलेली. ती मी लॅपटॉपवर उतरवली, चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवून पाहिला आणि कार्डवर टाकली. फोनच्या ब्राउझरवरून उतरवण्याच्या भानगडीत पडू नका. इतक्या जुन्या ब्राउझरमध्ये आजच्या पुष्कळ साइट उघडतच नाहीत. सेटिंग्जमध्ये 'अज्ञात स्रोत' चालू केलं, ॲप घातलं, आणि ते लगेच बंद केलं. किटकॅटवर हे एकच बटण अख्ख्या फोनसाठी असतं, चालू राहिलं तर कुठूनही काहीही घुसू शकतं.

पहिल्यांदा उघडल्यावर कार्डावरच्या फाइलींची यादी करायला वेळ लागला. मी चहा ठेवून आले, तेवढा. नंतर रोजच्या वापरात तो त्रास नाही. ओव्या लागल्या. थ्रीजीपीतली कीर्तनं लागली. डब्ल्यूएमए लागले. लग्नाची एमपीजीसुद्धा न अडकता चालली, ती अण्णांनी पूर्ण पाहिली आणि कोण कोण आता नाही ते मोजत बसले.

अण्णा जे वापरतात तेवढंच सांगते. अडीच तासांचं कीर्तन मध्ये सोडलं तर पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतं. झोपेचं टायमर आहे, ते त्यांना सगळ्यात आवडलं. आवाज नेहमीच्या मर्यादेच्या वर नेण्याची सोय आहे, जुन्या दबक्या रेकॉर्डिंगला त्याचा खरा उपयोग होतो. इक्वलायझरमध्ये मी खालचे पट्टे उतरवून दिले, मृदंगाचा घुमारा कमी झाला आणि बुवांचे शब्द कळायला लागले. जाहिरात नाही, खातं काढा म्हणत नाही, पैसे मागत नाही. स्क्रीन बंद करून खिशात टाकलं तरी व्हिडिओचा फक्त आवाज चालू ठेवता येतो.

आता हे चालतं कसं, त्याबद्दल, कारण माझा जीव त्यात आहे.

बहुतेक ॲप्स आवाज-चित्र उलगडायचं काम फोनच्या सिस्टिमवर सोडतात. सिस्टिमला जे फॉरमॅट येतात तेवढेच त्यांना येतात, आणि सिस्टिम जुनी झाली की ॲपही जुनं होतं. व्हीएलसी आपली शिदोरी बांधून येतं. त्याचा गाभा, लिबव्हीएलसी, सी भाषेत आहे आणि डिकोडर, म्हणजे उलगडणारे भाग, त्याच्या पोटातच असतात. फोनच्या चिपला जमत असेल तर काम चिपकडे, नाहीतर स्वतः करायचं. हार्डवेअरचा हा वापर सेटिंग्जमध्ये हातानं बदलताही येतो. एव्ही१ या नव्या फॉरमॅटसाठी व्हिडिओलॅननं डेव्हिड नावाचा डिकोडर बनवला, तर त्यातही ३२-बिट एआरएमसाठी हातानं असेंब्ली (थेट चिपच्या भाषेतला कोड) लिहिलेली आहे. नवा फॉरमॅट आणि जुनी चिप, दोघांची गाठ घालण्यासाठी कुणीतरी रात्री बसलंय. आणि मुख्य म्हणजे हे ॲप प्ले सर्व्हिसेसवर टेकलेलं नाही. गूगलनं किटकॅटचा हात सोडला तरी याचं काही अडलं नाही.

आमच्या धंद्यात एक आकडा असतो, मिन-एसडीके. तुमचं ॲप कमीत कमी कुठल्या अँड्रॉइडवर चालेल ते तो ठरवतो. लक्ष्याचा आकडा, म्हणजे टार्गेट, प्ले स्टोअर दरवर्षी वर ढकलायला लावतं. तो आपल्या हातात नाही. पण खालचा आकडा बनवणाऱ्यानं ठरवायचा असतो. तो वर नेला की कामं हलकी होतात, कोडमधल्या 'जुनं असेल तर असं, नवं असेल तर तसं' या ओळी उडवता येतात, तपासायचे फोन कमी होतात. हे सगळं खरं आहे. मी स्वतः एका बैठकीत तो २१ वरून २६ करावा, म्हणजे अँड्रॉइड ५ वरून थेट ८ वर न्यावा, असं ठासून बोलले होते.

आमचं ॲप दूध संकलन केंद्रांसाठी आहे. सकाळ-संध्याकाळ किती लिटर घातलं, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) किती, दर काय बसला, ते उत्पादकाला फोनवर दिसतं. २०२४ च्या ऑक्टोबरात काही गावांतून तक्रारी सुरू झाल्या, ॲप उघडतं पण आकडे येत नाहीत. एक काका आठवडाभर रेंजसाठी गच्चीवर चढत होते. त्यांचा फोन अँड्रॉइड ६ चा. रेंजचा काही संबंध नव्हता. आमच्या सर्व्हरची फोनला ओळख पटवणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं. त्यांचं मूळ प्रमाणपत्र, आयएसआरजी रूट एक्स१, अँड्रॉइड ७.१.१ पासूनच फोनमध्ये असतं. त्याआधीचे फोन एका जुन्या प्रमाणपत्राच्या ओळखीवर चालत होते, आणि ती ओळख ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. फोन सर्व्हरला ओळखेनासा झाला, आणि आमचं ॲप म्हणत होतं 'इंटरनेट तपासा'.

बैठकीतला सोपा मार्ग होता, आकडा २६ करा, तक्रारी आपोआप बंद. तो मार्ग मीच सुचवलेला होता. पण तसं केलं असतं तर काकांचं ॲप दुरुस्त झालं नसतं, त्यांना नवी आवृत्ती मिळणं तेवढं थांबलं असतं. मूळ प्रमाणपत्र आम्ही ॲपमध्येच घातलं. ७.० साठी त्याची सोय सिस्टिममध्ये आहे, त्याखाली नेटवर्कच्या कोडमध्ये हातानं जोडावं लागलं. दोन दिवसांचं काम. २६ हवं म्हणायला माझं मोठं कारण होतं तारखांचं, म्हणजे तारखा-वेळा हाताळणारं जावा टाइम. ते सिस्टिममध्ये ८ पासूनच आहे, पण डीशुगरिंग (नवा कोड जुन्या फोनला कळेल असा करून देणं) वापरलं की खालच्या फोनवरही चालतं, आणि ती सोय २०२० पासून आमच्या साधनांत आहे. मी ती वापरून पाहिलीच नव्हती. पुढे २०२५ च्या जूनपासून अँड्रॉइडएक्स या गूगलच्या तयार कोडच्या लायब्रऱ्याच २३ वर सरकल्या, तेव्हा आम्हीही २३ वर गेलो. २३ म्हणजे अँड्रॉइड ६. काका आत राहिले.

सगळं काही कायम खालीच ठेवावं असं मी म्हणत नाही. पैशाचे व्यवहार, ओळखपत्रं, लॉगिन असलेलं ॲप किटकॅटवर चालू नये. त्या सिस्टिमला सुरक्षेचे पॅच येऊन युगं लोटली. अण्णांच्या या फोनमध्ये सिम नाही, वायफायचा पासवर्डही मी पुसून टाकलाय. गाणं वाजवणाऱ्याला एवढं पुरतं. पण जे ॲप फक्त दाखवतं किंवा ऐकवतं, त्यानं दार लावण्याआधी दोन दिवस खर्चून बघावं, एवढं मला आता मनापासून वाटतं.

व्हिडिओलॅनबद्दल थोडं. १९९६ मध्ये पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून हे उभं राहिलं, २००१ मध्ये कोड खुला झाला, आज एक ना-नफा संस्था ते सांभाळते. संगणकावरचं त्यांचं ३.० अजूनही विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ वर चालतं. सवयच ती. २०२२ मध्ये भारतात त्यांची साइट काही महिने बंद होती. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं त्यांनी कायदेशीर नोटीस दिली, आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. नव्या फोनवाल्यांना तेव्हा फारसं जाणवलं नसेल, त्यांना स्टोअर होतं. जुन्या आवृत्तीची फाइल हवी असणाऱ्यासाठी मात्र ती साइट हेच हक्काचं ठिकाण.

मर्यादा सांगते, त्या फोनच्या आहेत हे लक्षात घेऊन. एच.२६५ या फॉरमॅटमधला मोठा व्हिडिओ मोटो ईवर चालत नाही म्हटलं तरी चालेल, आवाज पुढे आणि चित्र मागे. साधा ४८०पी बघा. किटकॅटवर बाहेरच्या ॲपला कार्डावर स्वतःच्या फोल्डरबाहेर लिहायची परवानगी नसते, त्यामुळे व्हीएलसीतून कार्डावरची फाइल पुसता येत नाही. आमच्याकडे हे उलट बरंच झालं. यादीतल्या व्हिडिओंची चित्रं तयार होईपर्यंत सरकवताना अडखळतं. आणि मांडणीत इतकी बटणं आहेत की वयस्कर माणसाला आधी बसून दाखवावं लागतं. मी ऑडिओचं पान पहिलं उघडेल असं ठेवलं आणि अण्णांना तीन गोष्टी शिकवल्या : लावणं, थांबवणं, टायमर.

पाचपैकी पाच देते. संगणकावरही हेच वापरत असाल तर घरातला टाकून दिलेला फोन एकदा बाहेर काढून बघा, चार्जर सापडला तर अर्धं काम झालं.

ओव्यांची ती फाइल मी लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवरही ठेवली आहे. अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "ठेव, पण मी इथंच ऐकणार." दहाला टायमर लावतात, पंचेचाळीस मिनिटांचं. आईनं काल फोनवर सांगितलं, तेवढं लागत नाही, ओव्या संपायच्या आत झोप लागलेली असते.