मीच त्याला साल सांगितलं

फसवणाऱ्याला लागणारी माहिती मीच त्याच्या हातात दिली, हे आधीच कबूल करतो.

मी घडीचे चाकू जमवतो. संग्रह म्हटलं की लोकांना हस्तिदंती मुठी आणि मखमली पेट्या आठवतात, माझ्याकडे तसलं काही नाही. साधी लाकडी किंवा पत्र्याची मूठ, बहुतेकांचं पातं कार्बन स्टीलचं, बटण नाही, स्प्रिंगचा झटका नाही. फ्रान्सचा ओपिनेल, जपानचा हिगोनोकामी, स्विस सैनिकी चाकू, असे. मुळात हे सगळे शेतात, कारखान्यात, सैन्यात राबणाऱ्या माणसांच्या खिशातले, म्हणून आजही परवडणारे. आणि नेमकी इथेच गोम आहे. नवा चाकू केवढ्याला मिळतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यावर जादा पैसे उकळायचे तर विकण्यासारखी एकच गोष्ट उरते : वय.

जुन्या वस्तूंच्या एका ऑनलाइन बाजारात मला ओपिनेलचा ८ नंबर दिसला. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, सगळ्यात जास्त खपणारं माप. पातं काळंनिळं पडलेलं, मूठ तंबाखूच्या रंगाची, मधूनमधून तांबूस गंज. खाली लिहिलं होतं, ‘दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा, आजोबांची आठवण.’

मला हसू आलं. फोटोत मुठीच्या तोंडाशी फिरतं कडं स्वच्छ दिसत होतं. ओपिनेल १८९० पासून बनतोय, पण पातं उघडल्यावर बोटावर मिटू नये म्हणून हे कडं बसवायला सुरुवात झाली १९५५ मध्ये. महायुद्धाआधीच्या चाकूला ते असणारच नाही. मी लगेच विद्वत्ता पाजळली. त्याला लिहिलं, “हा १९५५ च्या आधीचा असूच शकत नाही. कडं बघा.”

पाच मिनिटांत उत्तर. “दादा, तुम्ही जाणकार दिसता. आम्हाला काय कळतं त्यातलं. मग साठ-बासष्ट सालचा असेल. आजोबा तेव्हाच बोटीवर नोकरीला होते.”

बस्स. मी विरघळलो. आता नीट बघा काय झालं : साल मी दिलं, त्याने फक्त त्याला आजोबा जोडले. आणि चूक मीच पकडली होती, त्यामुळे दुसरी चूक शोधायची गरज आहे असं मला वाटलंच नाही. थोडी घासाघीस केली, त्याने थोडे कमी केले, मी पैसे पाठवले. त्या पैशांत नवे सात-आठ चाकू सहज आले असते.

पार्सल आलं. चाकू मिटलेला. पात्यावरच्या नखाच्या खाचेत अंगठ्याचं नख अडकवून ओढलं, पातं हलेना. मला यात काही वावगं वाटलं नाही, उलट आनंदच झाला. ओपिनेलची मूठ बहुधा बीचच्या लाकडाची असते. या लाकडाने ओल धरली की ते फुगतं आणि पातं मुठीच्या खाचेत आवळून बसतं. त्यावर सव्हॉयच्या, म्हणजे ओपिनेल जिथला त्या फ्रान्सच्या डोंगराळ भागातल्या लोकांचा जुना तोडगा आहे : मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर आपटायचं, धक्क्याने पातं थोडं वर येतं, मग बोटांच्या चिमटीत धरून उघडायचं. मी आपटलं. पुन्हा आपटलं. काही नाही. म्हटलं, साठ वर्षांचं लाकूड, सुकू दे. तीन दिवस कोरड्या कपाटात ठेवून दिला. दिवसातून दोनदा उघडून बघायचो, नुसता हातात घेऊन परत ठेवायचो. हौसेला मोल नाही म्हणतात ते असं.

चौथ्या दिवशी पुसायला घेतला आणि फडक्याखाली कडं सरकलं. टिक. पातं लोण्यासारखं उघडलं.

चाकू फुगलेला नव्हताच. तो मिटलेल्या अवस्थेत कड्याने कुलूपबंद केलेला होता.

ओपिनेल वापरणाऱ्यांच्या इथेच लक्षात येईल. १९५५ चं मूळ कडं फक्त उघडं पातं अडवायचं. मिटलेलं पातंही त्याच कड्याने अडकवता येईल अशी सुधारणा झाली २००० साली. म्हणजे माझ्या हातातली ‘साठ-बासष्टची आठवण’ फार तर पंचविशीची होती. १९५५ मला पाठ होतं, २००० देखील वहीत माझ्याच अक्षरात होतं. पण फोटोतलं कडं जुन्या घडणीचं की नव्या, हे माझ्या डोळ्यांना कळलं नाही. फरक फिरवून बघितल्यावर कळतो, आणि ‘मिटवून कडं फिरवा, व्हिडिओ पाठवा’ एवढी एक ओळ लिहायचं मला सुचलं नाही.

त्याला कळवलं. उत्तर तयारच होतं : “कडं नंतर बदललं असेल, दादा.” हे अगदीच अशक्य नाही, कडं निघतं आणि दुसरं बसतंही. म्हणून मी चष्मा आणि भिंग घेऊन बसलो.

पात्याचा काळेपणा मुठीच्या तोंडाशी येऊन एका सरळ रेषेत थांबला होता. आत, कड्याच्या आड जाणारा भाग लख्ख. वापराने येणारी झाक, ज्याला संग्राहक पॅटिना म्हणतात, अशी कधीच नसते. ती ढगाळ असते. फळ कापलं की त्या जागी निळसर डाग, टोकाकडे गडद, पाठीकडे फिकट, ओल आत झिरपते तिथेही थोडी. सरळ रेषा उमटते ती पातं व्हिनेगरसारख्या द्रवात बुडवून ठेवल्यावर. मग मुठीच्या खाचेत डोकावलो. बाहेरून तंबाखू, आतून गव्हाळ, ताजं लाकूड. दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळून आत फिरवला, ना मळ, ना गंजाची भुकटी. पांढऱ्या फडक्याला थोडं तेल लावून मूठ चोळली तर फडकं तपकिरी झालं आणि वास आला तो बूट पॉलिशचा.

सगळ्यात मोठा पुरावा तर मी पहिल्याच दिवशी ओलांडून गेलो होतो. साठ वर्षं कामातला चाकू साठ वर्षं दगडावर घासला गेलेला असतो. पातं अरुंद होतं, पोटाचा, म्हणजे धारेच्या बाजूचा गोलवा सपाट होतो, टोक खाली उतरतं. माझ्याकडच्या नव्या ८ नंबरशेजारी हा ठेवला. रुंदी तीच, वळण तेच. हे कारखान्यातून निघाल्यासारखं पातं होतं, फक्त काळं.

हे मी सगळं उघड लिहितोय म्हणजे आणखी दहा भामट्यांना शिकवतोय का, असा विचार मनात आला. पण खाचेच्या आतला मळ आणि दगडाने झिजलेलं पोट एका संध्याकाळीत बनत नाही. व्हिनेगरचा काळेपणा बनतो.

त्या व्हिनेगरबद्दल थोडं. पातं मुद्दाम काळं करणं हा गुन्हा नाही. कार्बन स्टीलला लाल गंज लवकर धरतो, म्हणून पुष्कळ लोक नवं पातं स्वतःच व्हिनेगरमध्ये किंवा कडक कॉफीत ठेवून त्यावर राखाडी थर आणतात. पण नंतर ते धुवायचं, आम्ल मारायला खायच्या सोड्याचं पाणी लावायचं, कोरडं करून तेलाचं बोट फिरवायचं. या गड्याने त्यातलं काहीच केलं नव्हतं, त्याला गंज हवाच होता. काळ्या थराखाली तो जिवंत होता. तेल आणि बारीक स्टील वूलने घासल्यावर धारेजवळ टाचणीच्या टोकाएवढे खड्डे उघडे पडले. ते दगडावर काढता काढता दोन संध्याकाळी गेल्या.

पैसे परत मिळाले नाहीत. व्यवहार बाजाराच्या बाहेर, थेट झाला होता. “इथे कमिशन कापतात दादा, बाहेर करू” यालाही मी हो म्हटलं होतं. तक्रारीला ‘आमच्यामार्फत पैसे गेलेले नाहीत’ एवढं उत्तर आलं, आणि त्यांचं तरी काय चुकलं?

चाकू बिचारा चांगला आहे. स्वच्छ झाल्यावर रोजच्या कामाला तोच घेतो. काम झालं की लगेच पुसायचा, पाण्यात ठेवायचा नाही, महिन्यातून एकदा बिजागरीत मिनरल ऑइलचा एक थेंब. खाद्यतेल नको, ते चिकट होऊन बसतं. आता पात्यावर टोकापाशी एक निळी ढगाळ झाक यायला लागली आहे, तिचीच स्वतःची.

महिनाभराने त्याच बाजारात वेगळ्या नावाने एक स्विस चाकू दिसला. ‘पहिल्या महायुद्धातला, आजोबांची आठवण.’ फोटोत खाली तेच निळं कापड, कोपऱ्यात तेच जळकं भोक. पात्याच्या बुडाशी पूर्ण शिक्का : व्हिक्टोरिनॉक्स. कंपनीने आधी ‘व्हिक्टोरिया’ हे नाव घेतलं, न गंजणाऱ्या पोलादाचं ‘इनॉक्स’ त्याला जोडलं गेलं १९२१ मध्ये. त्याआधी हा शिक्का नाही.

‘१९२१’ टाइप केलं होतं. पुसलं. फक्त विचारलं, “नक्की कुठल्या सालचा?”

“१९१४, दादा. लिहून देतो.”

त्याचा स्क्रीनशॉट घेतला, दोन्ही फोटोंतल्या निळ्या कापडाभोवती लाल गोल काढले आणि तक्रारीला जोडून पाठवून दिलं.