खाज कशाची: रक्त तपासायचं की ताट बदलायचं?

फोंड्यातला आमचा कुत्रा मोती दीड वर्षाचा. पंजे चाटून चाटून बोटांमधले पांढरे केस तांबूस झालेले, कानांना आंबूस वास.

रक्ततपासणी सोपी: एकदा सुई, मग धूळकिडे, परागकण, चिकन अशी यादी हातात. पण अन्नाच्या ॲलर्जीसाठी ती भरवशाची नाही. निरोगी कुत्र्यांचीही पॉझिटिव्ह येते. डॉक्टरांनी धूळ-परागांची ॲलर्जी आधीच ठरवली असेल आणि ॲलर्जीच्या इंजेक्शनांचा कोर्स करायचा असेल, तेव्हा ती कामाची.

आहार-चाचणी कष्टाची. निदान 8 आठवडे, त्याने कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन किंवा डॉक्टरांनी दिलेलं हायड्रोलाइज्ड (प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेलं) खाद्य. बिस्किट नाही, चवीच्या गोळ्याही नाहीत. शेजारच्या काकी कुंपणावरून मायेने बांगड्याचं डोकं टाकायच्या; त्यांना हात जोडून सांगावं लागलं. खाज कमी झाली की जुनं खाणं परत द्यायचं. पुन्हा खाजवायला लागला, तर चोर सापडला.

मी आहार-चाचणीच निवडली. मात्र दोन्हींच्या आधी पिसवा, गोचिडी, खरूज आणि कानातली बुरशी बघून घ्या. आपल्या दमट हवेत पिसू दिसली नाही, तरी पिसवांचं औषध बाराही महिने चुकवू नका.