टेलि-मानस १४४१६ : भावासाठी लावलेल्या फोनचा अनुभव

चैत्रात पूर्ण बाह्यांचे शर्ट कुणी शिवून मागत नाही. माझ्या धाकट्या भावानं मागितले, तेही दोन. मी इचलकरंजीत शिवणकाम करते. बाहीचं माप घ्यायला त्याचा हात धरला, तर त्यानं हिसडा मारून सोडवून घेतला. आठ दिवसांनी धुवायला पडलेल्या शर्टाची डावी बाही उलटी केली, तर आतून वाळलेले तपकिरी डाग. तो पितो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तो स्वतःच्या हातावर जखमा करतो, हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतर दोन दारं ठोठावली. एका दवाखान्यात जखम बांधली आणि म्हणाले, ‘पिऊन आलाय, उतरली की घरी न्या.’ एका व्यसनमुक्ती केंद्रानं हात बघून सांगितलं, ‘आधी डोक्याचं बघा, मग आमच्याकडे या.’ माणूस एक, आणि त्याचं अर्धं अर्धं दुखणं दोघांनी एकमेकांकडे ढकललं. मला आजही त्याचा राग आहे. त्यातच नात्यातल्या एका बाईंनी जेवणात गुपचूप मिसळायची पुडी आणून दिली.

१४४१६ हा नंबर केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मी रात्री दीड वाजता जिन्यात बसून लावला. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, तो आत्ता कुठे आहे, एकटा आहे का, हाताशी काय काय आहे. शेवटचं कधी प्यालाय, रोज किती पितो. आणि मग, ‘जीव द्यावासा वाटतो का, असं त्याला सरळ विचारलंत का?’

मी म्हणाले, विचारलं तर नसलेलं डोक्यात यायचं. त्या म्हणाल्या, विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला जागा होते. सकाळी तो शुद्धीत असताना विचारलं. बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘मरायचं नव्हतं आक्का. आतलं ते थांबवायचं होतं. प्यालो की थोडा वेळ थांबतं. नाही मिळाली की हातावर काढतो. आणि कधी पिऊन हात आवरतच नाही.’

हे मी आणखी कुठे ऐकलं नव्हतं, म्हणून लिहिते. दारू दुःख बधिर करते, पण उतरल्यावर मन आधीपेक्षा खाली जातं. प्यालेलं असताना स्वतःला थांबवणारा लगाम सुटतो. मग हाताची लाज, ती विसरायला पुन्हा दारू. मरायचं नव्हतं म्हणाला तरी धोका खराच, हेही फोनवरच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं.

दोन गोष्टी कळल्या नसत्या तर आमच्या हातून घात झाला असता. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडायची नाही. दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जिवावर बेततं. आणि ती पुडी. दारू सोडवायचं काही औषध पोटात असताना माणूस प्याला तर त्रास जिवावर जाऊ शकतो, म्हणून न सांगता काहीच द्यायचं नाही. मी ती मोरीत ओतली.

पोलीस केस होईल म्हणून वडील घाबरले होते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरतात, त्याला शिक्षा करत नाहीत. हे कळल्यावरच ते सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात सोबत आले. तिथे दारू आणि हात, दोन्हीचं एकाच कागदावर लिहून घेतलं.

फोन म्हणजे उपचार नव्हे. रांगेत उभं राहावं लागतं, गोळ्या द्याव्या लागतात, रात्री जागावं लागतं. माझ्या कात्र्या अजून कुलपात असतात; प्रत्येक ब्लाऊजला पेटी उघडते, काम झालं की पुन्हा लावते. पण कुणाच्या घरी असं असेल तर पहिला फोन इथे लावा. आत्ताच जिवाला धोका दिसत असेल तर ११२ लावा किंवा माणसाला घेऊन थेट रुग्णालय गाठा, त्याला एकटं सोडू नका.

गणपतीत तो एकदा घसरला. मी दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत होते. १४४१६ त्या रात्री त्यानंच लावला होता, मला दुसऱ्या दिवशी चहा पिताना सांगितलं.